बालपियानोवादक पुढे कुठे जातात?

माळव्यातली मैना (इंदूर)

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आधी घरची गोष्ट. आम्ही इंदूरचे, चौथी पिढी. मराठीच बोलतो, पण त्यात "भिया" इतकं मुरलंय की पुण्याची मावशी कपाळाला हात लावते. माझा भाचा, म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा, नऊ वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी महूला एका जुन्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं होतं, तिथून भावाने एक उभा पियानो आणला. पियानो स्वस्त आणि हमाल महाग, असा तो सौदा. हेतू एवढाच की दिवाणखान्यात शोभेल आणि वर गणपती बसवता येईल. त्या वर्षी गणपती बसलेही. विसर्जन झालं आणि पोरगं समोरच्या स्टुलावर बसलं, ते काही उठेना.

कान विलक्षण आहे. शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी कुठल्या पट्टीत आहे ते सांगतो. (पहिली आणि तिसरी यांत फरक असतो म्हणे. काकू हल्ली शिट्ट्या मोजताना हसतात.) दोन वर्षांपूर्वी कॉलनीच्या गणेशोत्सवात वाजवलं, कुणीतरी चित्रफीत व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली, आणि तेव्हापासून घरचा फोन थांबलेला नाही. यंदा गणपती ते दिवाळी चौदा कार्यक्रम झाले. शाळेचं संमेलन, दोन रिसेप्शनं, एका साडीच्या दुकानाचं उद्घाटन.

त्या दुकानात मी सोबत होते. कीबोर्ड काउंटरवर ठेवलेला आणि पोराला साड्यांच्या खोक्यांवर उभं केलेलं. मालक म्हणाले, "आता डोळ्यांवर पट्टी बांधून." बांधली. वाजवलं. टाळ्या पडल्या, मिठाईचा पुडा मिळाला. परत येताना गाडीत त्याने विचारलं, "आत्या, मी दहाचा झालो तरी बोलावतील?"

त्या रात्री झोप लागली नाही. आता टीव्हीच्या एका कार्यक्रमाच्या चाचणीचं बोलावणं आलंय. भाऊ म्हणतो, आत्ता नाही तर कधी. वहिनी गप्प आहे. आमच्या घरी ती गप्प असली की समजायचं.

मग मी वाचत सुटले. असल्या मुलांचं पुढे होतं काय? पहिली गोष्ट कळली ती म्हणजे डोळे बांधायची कल्पना त्या साडीवाल्यांची नव्हे. १७६५ साली लंडनला मोझार्टच्या वडिलांनी जाहिरातच दिली होती की दोन्ही मुलं वाद्याच्या पट्ट्यांवर रुमाल टाकून वाजवतील. अडीचशे वर्षं झाली, खेळ तोच.

दुसरा भेटला जोसेफ हॉफमन. जन्म १८७६, पोलंडमधल्या क्राकुफचा. १८८७ च्या नोव्हेंबरात, अकरा वर्षांचा असताना, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये बेथोवनचा पहिला कॉन्चेर्टो वाजवला आणि लोक वेडे झाले. कॉन्चेर्टो म्हणजे एका बाजूला अख्खा वाद्यवृंद आणि दुसऱ्या बाजूला हा एकटा. त्यानंतर दहा आठवड्यांत पन्नासच्या आसपास कार्यक्रम! शेवटी मुलांवरचं क्रौर्य रोखणारी तिथली संस्था मध्ये पडली. आल्फ्रेड कॉर्निंग क्लार्क नावाच्या धनिकाने ५०,००० डॉलर देऊ केले. अट एकच: अठरा वर्षांचा होईपर्यंत मुलाने लोकांपुढे वाजवायचं नाही. १८८७-८८ चे ५०,००० डॉलर, आणि तेही *न* वाजवण्याचे. आमच्या भावाला हे वाचून दाखवलं, तर म्हणाला, "असा एखादा इंदुरात बघ ना."

हॉफमन कुटुंब बर्लिनला गेलं. पुढे त्या मुलाला अंतोन रुबिन्स्टाइन या बड्या रशियन पियानोवादकाने शिष्य म्हणून घेतलं. रुबिन्स्टाइनचा एक दंडक होता: एकदा आणलेली रचना पुन्हा घेऊन यायची नाही. १८९४ मध्ये हँबुर्गला हॉफमन परत रंगमंचावर आला, गुरूचाच कॉन्चेर्टो वाजवला आणि वाद्यवृंद गुरूने चालवला. त्याच वर्षी रुबिन्स्टाइन गेला. हॉफमनची कारकीर्द मात्र त्यानंतर पन्नास वर्षं चालली. संगीतकार रखमानिनोव्हने आपला तिसरा कॉन्चेर्टो त्याला अर्पण केला. (त्याने तो कधी वाजवला नाही, ही वेगळी गंमत.) हात लहान होते म्हणून स्टाइनवे या पियानो कंपनीने त्याला अरुंद पट्ट्यांचा पियानो करून दिला. मोटारींच्या शॉक अब्सॉर्बरसकट कितीतरी शोधांची पेटंटं त्याच्या नावावर आहेत. फिलाडेल्फियाच्या कर्टिस संगीत संस्थेचा तो १९२७ ते १९३८ संचालक होता. शेवट दारूने खराब केला, तेही सांगायला हवं.

तिसरी मार्ता आर्खेरिच. हिच्या मी प्रेमातच पडलेय. जन्म १९४१, ब्वेनोस आयरेस. तीन वर्षांचीही नव्हती तेव्हा बालवाडीतला एक थोराड मुलगा तिला सारखं चिडवायचा, तुला हे येणार नाही, ते येणार नाही. एकदा म्हणाला, पियानो वाजवता येणार नाही. ही उठली आणि बाई वाजवायच्या ती धून जशीच्या तशी वाजवली. आठव्या वर्षी मोझार्ट आणि बेथोवनचे कॉन्चेर्टो जाहीर कार्यक्रमात. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांनी आईवडिलांना व्हिएन्नाच्या वकिलातीत नोकऱ्या दिल्या, का तर पोरीला फ्रीडरिश गुल्डा या पियानोवादकाकडे शिकता यावं. १९५७ मध्ये सोळाव्या वर्षी तीन आठवड्यांच्या आत जिनिव्हा आणि बोल्झानो अशा दोन मोठ्या स्पर्धा जिंकल्या.

आणि मग गाडी रुळावरून उतरली. वाजवायची इच्छाच गेली. एकदा इटलीत कार्यक्रम टाळायला तिने कळवलं की बोट दुखावलंय, आणि खोटं बोलल्याची टोचणी नको म्हणून खरंच बोट कापून घेतलं. सतरा वर्षांची होती. मिकेलांजेलीसारख्या गुरूकडे दीड वर्ष राहिली आणि धडे झाले चार. काही वर्षं तर पियानोला जवळपास हात नाही. सेक्रेटरी व्हावं का, असा विचार चाललेला. १९६५ मध्ये वॉर्सॉच्या शोपँ स्पर्धेत उतरली, पहिली आली, आणि जगाला जी आर्खेरिच माहीत आहे ती तिथून सुरू झाली.

तर मंडळी, मला असं दिसतंय की बालपणीची कारकीर्द एक आणि खरी कारकीर्द दुसरी, आणि मध्ये एक खंड असतो. तो खंड कुणीतरी द्यावा लागतो, नाहीतर मूल तो हिसकावून घेतं, बोट कापून. तुम्हाला काय वाटतं? आणि टीव्हीला पाठवावं का? वहिनीच्या वतीने विचारतेय.

---

पुणेरी पगडी

लेख आवडला. पण एक व्यावहारिक शंका. भारतात राहून पियानोवादकाने करायचं काय? व्यावसायिक सिंफनी वाद्यवृंद म्हणावा असा आपल्याकडे एकच, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, तोही २००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सुरू झाला. म्हणजे एकतर देश सोडायचा, नाहीतर शिकवण्या करायच्या, नाहीतर सिनेमा. हा हिशेब नवव्या वर्षीच मांडलेला बरा. चेन्नईच्या लिडियन नादस्वरमने २०१९ मध्ये अमेरिकेतल्या टीव्हीवर दहा लाख डॉलर जिंकले, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. त्याचं काही वाईट झालं नाही. टीव्हीला एवढं नाक मुरडायचं कारण नाही.

---

खवचट खवय्या (इंदूर)

अवांतर: चौदा कार्यक्रमांत पोराला सराफ्यातल्या, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या, भुट्ट्याचा कीस एकदा तरी मिळाला का? नसेल तर ते शोषण आहे. बाकी चालू द्या.

---

काळी पाच (वडोदरा)

मैनाताई, मी बडोद्यात पियानो शिकवते, बावीस वर्षं झाली. त्यामुळे थोडं लांबेल.

तुमचा "खंड" मला पूर्ण पटलेला नाही. येवगेनी किसिन बघा. जन्म १९७१, मॉस्को. सहाव्या वर्षी ग्नेसिन शाळेत आन्ना काँतोर या बाईंकडे गेला आणि आयुष्यभर दुसरा गुरू केला नाही. दहाव्या वर्षी पहिला कॉन्चेर्टो. बाराव्या वर्षी, मार्च १९८४ मध्ये, मॉस्को कॉन्झर्वेटरीच्या मोठ्या सभागृहात शोपँचे दोन्ही कॉन्चेर्टो एकाच संध्याकाळी. १९८८ च्या वर्षअखेरीला बर्लिनमध्ये कारायान या वाद्यवृंद-संचालकाबरोबर. स्पर्धा? एकही नाही. खंड? तोही नाही. आजही वाजवतोय. काँतोरबाई पुढे त्याच्या कुटुंबातच राहायला आल्या आणि २०२१ मध्ये गेल्या.

उलट क्लाउदिओ आराउ. चिलीचा, जन्म १९०३. आठव्या वर्षी सरकारने शिष्यवृत्ती देऊन जर्मनीला पाठवला. गुरू मार्टिन क्राउझे, लिस्टचा शिष्य. आराउ पंधराचा असताना क्राउझे वारला. पोराने परत गुरू केला नाही आणि पुढची कित्येक वर्षं चाचपडत काढली. शेवटी मनोविश्लेषकाकडे गेला, तेव्हा सावरला. त्याला खंड कुणी दिला नव्हता, तो कोसळला होता. दोन्हींत फरक आहे.

म्हणून मी विचारते ते वेगळंच. त्या चौदा कार्यक्रमांत मिळून भाच्याने वेगवेगळ्या रचना किती वाजवल्या?

आणि दुसरं. दुकानात कीबोर्ड, घरी पियानो, हे चालू असेल तर लक्ष ठेवा. खऱ्या पियानोची पट्टी खाली जायला साधारण पन्नास ग्रॅम वजन लागतं, कारण पलीकडे लाकडाची आणि नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) हातोडी उचलायची असते. स्वस्त कीबोर्डची पट्टी स्प्रिंगवर असते, ती नुसत्या बोटाच्या टोकाने दबते. तिथे वेगाची सवय लागली की मूल पियानोवर बोटांनी ढकलायला लागतं आणि मनगट ताठ होतं. त्याच्या हाताचं माप घ्या. पियानोवर एका सा पासून वरच्या सा पर्यंत साधारण साडेसोळा सेंटिमीटर असतात. नऊ वर्षांच्या मुलाचा अंगठा ते करंगळी ताण बहुतेक तेवढा नसतो, किंवा जेमतेम असतो. मोठ्यांच्या रचना टाळ्यांसाठी वाजवून घेतल्या की हाताला दुखापत होते. माझ्याकडे अशी दोन मुलं आली होती. एकाचं बरं व्हायला वर्ष गेलं.

---

माळव्यातली मैना

काळी पाच, तुमचं नावच किती छान आहे! हाताचं माप घेतलं, पोळपाटावर पंजा ताणून. पंधराच्या आत आहे.

आणि रचना... मी वहिनीला विचारलं. वहिनीने बोटं मोजली. सहा. त्यातल्या दोन सिनेमाच्या. चौदा कार्यक्रम, रचना सहा. मला हे आजवर सुचलंच नव्हतं.

---

काळी पाच

मग तुमचं उत्तर तुमच्याच लेखात आहे. रुबिन्स्टाइनच्या त्या दंडकात.

---

आता_बँकेत

बरेच दिवस नुसता वाचत होतो. आज लॉगिन करावं लागलं.

मी ग्वाल्हेरचा. तबला. सातव्या वर्षी पहिला एकल कार्यक्रम. वडील दौलतगंजात राहायचे, घर छोटं, पण मला वाजवायला बसवलं की पायरीपर्यंत माणसं. पेपरात फोटो यायचा. आईने ती सगळी कात्रणं प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलीत, कपाटाच्या वरच्या खणात, लग्नाच्या शालूखाली.

माझ्याकडे चाळीस मिनिटांचा एक कार्यक्रम होता. पेशकार, दोन कायदे, एक रेला, हे तबल्याचे ठरलेले प्रकार, आणि शेवटी ती रेल्वेगाडी. रेल्वेगाडी म्हणजे तबल्यावर इंजिनाचा आवाज. ती आली की लोक हसायचे, मुलं उभी राहायची, आयोजक पाकीट आत सरकवायचे. सात ते तेरा, तीच चाळीस मिनिटं. गुरुजी म्हणायचे नवीन कायदा बसवू. वडील म्हणायचे परवा दतियाला कार्यक्रम आहे, त्यानंतर. परवा कधी संपलाच नाही.

तेरा झालो, मिसरूड फुटलं आणि आमंत्रणं आटली. कुणी सांगत नाही हो की आता बोलावणार नाही. फोन नुसता कमी वाजतो. शेवटचा कार्यक्रम एका मेळ्यात होता. रेल्वेगाडी वाजवली, तर मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, अब तो बड़ा हो गया."

पोराने तुम्हाला गाडीत जे विचारलं ना, दहाचा झालो तरी बोलावतील का, ते मी कुणाला विचारलं नव्हतं. त्याने विचारलं, ही चांगली गोष्ट आहे.

---

नर्मदेचा गोटा

@आता_बँकेत, वाचून गलबलून आलं.

मोझार्टच्या त्या जाहिरातीत "दोन्ही मुलं" असं आहे, तिकडे लक्ष वेधते. दुसरं मूल म्हणजे नानर्ल, त्याची थोरली बहीण, जन्म १७५१. तीही तितकीच फिरली, तितकीच वाजवली. लग्नाच्या वयाची झाल्यावर तिचे दौरे बंद झाले. तिलाही कुणीतरी "खंड" दिला, ताई, फक्त त्याला पलीकडचा काठ नव्हता. भाची असती तर भाऊ काय म्हणाला असता, याचाही विचार करा. (हलके घ्या.)

आणि रूथ स्लेंचिन्स्का. १९२५ चा जन्म, कॅलिफोर्निया. चौथ्या वर्षी पहिला जाहीर कार्यक्रम. बाप रोज कित्येक तास बसवायचा, चुकली की मारायचा. पंधराव्या वर्षी तिने रंगमंच सोडला, मग घर सोडलं, कॉलेजात गेली. १९५० च्या दशकात आपल्या पायांनी परत आली. रखमानिनोव्हकडे शिकलेल्यांपैकी ती. २०२२ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी, तिचा नवा अल्बम आला. सत्त्याण्णव!

---

पुणेरी पगडी

प्रतिसाद वाचून माझं मत थोडं बदललंय, पण पूर्ण नाही. वडिलांना सरसकट खलनायक करू नका. त्या मुलांना पियानोपर्यंत नेलं कुणी? मैनाताईंच्या भावाने हमालांचे पैसे भरले म्हणून हा धागा निघाला.

---

माळव्यातली मैना

पगडीराव, अगदी मान्य. भाऊ वाईट नाही. गणपतीची मूर्ती काढून पोराला पियानो मोकळा करून देणारा तोच. पुढच्या वर्षीपासून गणपती टीपॉयवर बसतो.

---

तानसेनच्या गावचा (ग्वाल्हेर)

मंडळी, सगळे पोलंड-अर्जेंटिना फिरून आलात आणि इंदुरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर देवास आहे ते विसरलात?

शिवपुत्र कोमकली. आठ एप्रिल १९२४, बेळगावजवळचं सुळेभावी. शिकवणी नाही, काही नाही, ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांची गाणी श्वासासकट उतरवायचा. लहानपणीच "कुमार गंधर्व" ही पदवी मिळाली. दहा-अकराव्या वर्षी परिषदा गाजवल्या. आता हे तुमच्या काळी पाचबाईंच्या प्रश्नाला लावून बघा. ते सगळं दुसऱ्यांचं गाणं होतं. हुबेहूब, पण दुसऱ्यांचं.

मग मुंबईला प्रो. बी. आर. देवधरांकडे राहिले आणि तालमीला बसले. हा पहिला खंड, गुरूने दिलेला. ऐन तारुण्यात क्षयाने गाठलं. १९४८ च्या सुरुवातीला हवापालटासाठी देवासला आले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. पाच-सहा वर्षं माणूस खाटेवर. पत्नी भानुमतीबाई उशाशी. हा दुसरा खंड, दैवाने दिलेला. बाहेरून माळव्याच्या बाया गात जायच्या, ते कानावर पडायचं. क्षयावरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन आलं, माणूस उठला, आणि जो गायला लागला तो कुणाचीच नक्कल नव्हता. एक फुप्फुस जवळजवळ निकामी, त्यामुळे लांब ताना नाहीत. छोटे छोटे तुकडे, फेकल्यासारखे, आणि मध्ये शांतता.

मी ऐकलंय त्यांना. सत्तरचं दशक, मी कॉलेजात होतो, मागे उभा. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, आमच्या ग्वाल्हेरच्या शिस्तीत वाढलेले. पूर्वार्धभर पुटपुटत होते, "हे काय, अर्धवट सोडतोय." मध्यंतरात चहा घेतला. परत आल्यावर पुटपुटणं बंद. शेवटी टाळ्या वाजवायच्या राहूनच गेल्या त्यांच्या, छत्री शोधत बसले.

आमच्या घराण्यात म्हणतात की चौदा वर्षं आवाज आतल्या खोलीत ठेवावा. आकडा सोडा, म्हणायची रीत आहे ती. आतली खोली मात्र खरी.

---

खवचट खवय्या

आजोबा, धागा जिंकलात. वाचनखूण साठवली.

---

आता_बँकेत

@तानसेनच्या गावचा, पूर्वार्धात मीही पुटपुटलो असतो.

मैनाताई, एकच विचारतो. पोरगा कुणी ऐकत नसताना काय वाजवतो?

---

माळव्यातली मैना

चांगला प्रश्न. मला माहीत नव्हतं, म्हणून काल दुपारी मुद्दाम गेले आणि स्वयंपाकघरात वहिनीशी गप्पा मारत बसले. पोरगा बाहेर. वीसेक मिनिटं त्या सहांपैकी काहीच वाजलं नाही. डाव्या हाताने खालचा एकच स्वर धरलेला, तंबोऱ्यासारखा, आणि उजव्या हाताने काहीतरी शोधणं चाललेलं. दोन स्वर, थांबा, तेच दोन, मग तिसरा, "छे" असं मोठ्याने, पुन्हा दोन. वहिनी पोळी लाटता लाटता म्हणाली, "हे रोज चालतं. हे वाजत असलं की यांना वाटतं हा टाइमपास करतोय."

इतक्यात भाऊ ऑफिसातून आला आणि म्हणाला, "अरे, ते सुंदरवालं वाजव." पोराने लगेच हात उचलले आणि सहांतलं तिसरं सुरू केलं. अगदी सफाईने.

मी भावाला हा अख्खा धागा वाचायला दिलाय. अजून काही बोलला नाही.

---

काळी पाच

त्याला चिडवू नका. आणि पियानो शेवटचा जुळवून कधी घेतला होता? इंदुरात उन्हाळा कोरडा, मग एकदम पावसाळा. आतला लाकडी पडदा फुगतो-आकसतो, आणि दोनशेवर तारा मिळून लोखंडी चौकटीवर अठरा-वीस टनांचा ताण असतो. वर्षातून दोनदा तरी जुळवायला हवा. महूच्या बंगल्यातला म्हणताय, म्हणजे नमद्याला कसर लागलेली असणार. व्यक्तिगत निरोप केलाय, आमच्याकडे मुंबईहून येतात त्यांचा नंबर दिलाय.

---

माळव्यातली मैना

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. काळी पाच, तुमचे मुंबईचे गृहस्थ आले होते. सकाळी पोहे-जलेबी खाऊन कामाला बसले ते संध्याकाळपर्यंत. पियानोची पुढची फळी काढली आणि आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदा त्याच्या पोटात पाहिलं. कसर तर होतीच. शिवाय एक हेअरपिन, उंदराने कुरतडलेल्या एका इंग्रजी पत्राचा कोपरा, आणि आमच्याच गणपतीच्या अक्षता, वरून सांडलेल्या.

पोरगा दिवसभर त्यांच्या कोपराशी उभा. जेवायलाही आला नाही. ही हातोडी का जाड, ती का बारीक, एका पट्टीला तीन तारा का. ते गृहस्थ फार बोलणारे नव्हते, पण उत्तर देत होते. शेवटी म्हणाले की मधल्या चौदा हातोड्यांचा नमदा गेलाय, इथे होणार नाही, मुंबईला न्यावा लागेल. दोन महिने. चौदाही हातोड्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घालून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवाल्यांचा फोन आला. भावाने स्पीकरवर टाकला. मी श्वास रोखून. तो म्हणाला, "माफ करा, पियानो नादुरुस्त आहे, मुलाचा सराव नाही, यंदा जमणार नाही." त्यांनी सांगितलं, कीबोर्ड आम्ही देऊ. भाऊ म्हणाला, "कीबोर्डवर तो वाजवत नाही." फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काय बघतेस? खोटं नाही बोललो. चौदा दात काढून नेलेत, तूच पाहिलंस."

बोट कापण्यापेक्षा हे बरं, असं मी म्हणाले नाही. मनात आलं.

तर सध्या पियानोच्या मध्यभागी चौदा पट्ट्या मुक्या आहेत. दाबल्या की नुसतं लाकूड वाजतं, टक्. ते सहाही तुकडे नेमके तिथूनच जातात, त्यामुळे एकही वाजवता येत नाही. पोरगा खाली आणि वर, दोन टोकांना वाजवतोय, आणि मधल्या मुक्या पट्ट्यांवर मुद्दाम टक् टक् ताल धरतोय. काल काकूंनी खिडकीतून विचारलं, हे नवीन काय रे? तो म्हणाला, "अजून झालं नाही. झाल्यावर सांगतो."